आईच्या पेशी, शुक्रवारपर्यंत

प्रिय दादा,

परवा फोनवर तू विचारलंस, इतकी गप्प का, आणि मी सर्दी झाल्याची थाप मारली. तुझी ही कटकट गप्प बसली म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, हे तुला कळायला हवं होतं. आता हे एका दमात वाच, मध्येच फोन करू नकोस.

ऑपरेशनच्या वेळी आईनं एका कागदावर सही केली होती, आठवतंय? गाठीबरोबर निघणारा यकृताचा चांगला भाग आमच्या प्रयोगशाळेला द्यायचा म्हणून. डॉक्टर समजावत बसले, तर म्हणाली, नाहीतरी कापणारच आहात, लेकीच्या उपयोगी पडू दे. त्यातल्या पेशी आम्ही वाढवल्या. तेवढं जमतं रे. पण थर जरा जाड झाला की आतल्या पेशी उपाशी मरतात, त्यांच्यापर्यंत रक्तच पोचत नाही. म्हणून आम्ही साखरेच्या बारीक तारांची जाळी करतो आणि तिच्याभोवती पेशी मिसळलेली जेली ओततो. साखर विरघळते, मागे पोकळ वाटा उरतात. त्यांना आतून अस्तराच्या पेशी चिकटल्या की झाल्या रक्तवाहिन्या. मग पंपानं पोषक द्रव सोडायचा, अगदी थेंबाथेंबानं. ज्यानं पंप सुरू केला त्यानं पहिले दोन तास जागचं हलायचं नाही, हा आमचा नियम. हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी सगळी मेहनत मातीत.

आईचा तुकडा काडेपेटीएवढा आहे आणि एकोणीस दिवस जिवंत आहे. मोठ्या वाहिन्यांना आपणहून बारीक फाटे फुटलेत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, आमच्या बाई, यांच्या तोंडून 'ठीक' एवढंही मुश्किलीनं निघतं, पण त्यांनी सगळ्यांना कॉफी पाजली. मी माझी गुपचूप बेसिनमध्ये ओतली. शुक्रवारी पंप बंद करून तुकड्याचे पातळ काप करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. बटण मीच दाबायचं. माझ्यानं होत नाहीये, दादा. रोज द्रव बदलताना मी त्याच्याशी वेड्यासारखी बोलते. वहिनीच्या चहाड्यासुद्धा सांगून झाल्यात.

आई जाऊनही एकोणीसच दिवस झालेत. मी तुला सांगितलं की तिचा हात माझ्या हातात होता आणि शेवटी तिनं तुझं नाव घेतलं. ते ऐकून तू हमसून हमसून रडलास आणि दोन दिवसांनी पहिल्यांदा चार घास खाल्लेस. ते खोटं होतं. त्या सकाळी ती बरी दिसली, म्हणून दुपारपर्यंत येते सांगून मी हॉस्पिटलमधून निघाले आणि प्रयोगशाळेत तिच्याच तुकड्याचा पंप सुरू केला. फोन आत न्यायचा नसतो, तो नेहमीप्रमाणे बाहेरच्या कपाटात. नर्सनं चारदा लावला होता. मी पोचले तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. नर्स म्हणाली, कुणाला तरी हाका मारत होत्या, नीट कळलं नाही. तुला की मला, देव जाणे. हे तुला सांगितल्याशिवाय त्या बटणाला हात लावायचा मला हक्क नाही. माफ कर म्हणत नाही. शुक्रवारी अकरा वाजता ये. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण ये. या वेळी तरी तिच्याजवळ आपण दोघं असू.

तू बोलला नाहीस तरी तुझीच,
कटकट