आंधळ्या घोडीचा घाट

प्रिय वॉरेन,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. तुझी आंधळी घोडी तुझ्या लेकीकडे सुखरूप पोचली. "विजेच्या खेळण्यामागे ती जिवंत पोचायची नाही," म्हणाला होतास.

तुझ्या डिझेल ट्रकच्या घरघरीने ती ट्रेलरला लाथा मारायची. माझी विजेवरची गाडी ओमिओचा घाट चढत होती, तेव्हा मला मागून तिचं गवत चावणं ऐकू येत होतं. एवढ्या डोंगरात तेवढाच आवाज. मी काच खाली करून ऐकत राहिले.

चार्जिंगसाठी ट्रेलर सोडवायचा म्हणून तिला उतरवलं आणि गाडीशेजारीच गवत घातलं. तिथली बाई म्हणाली, "दोघींना एकदमच चारताय होय?"

कंबर कशी आहे? गोळ्या चुकवू नकोस.

तुझ्या मेरेडिथच्या ताब्यात दिलं: घोडी, तिचा दोर, आणि वाटभर जो ती हुंगत होती तो तुझा जुना स्वेटर.

तुझी बहीण,
ऑड्री