शेवटच्या दिवशी होडी

ओह्रिद, १४ मे

प्रिय कालिओपा वन्सं,

तुमचं पत्र परवा मिळालं. टपालवाल्यानं हातात देण्याआधी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "स्वीडनहून? पत्र? आता कोण लिहितं?" मी म्हटलं, "ज्यांचं अक्षर चांगलं असतं ते." तुमचं अक्षर अजून तसंच आहे. ताठ उभं आणि कुणाचं न ऐकणारं.

मी बरी आहे. ईस्टरचं पहिलं लाल अंडं दरवर्षीसारखं देवाच्या तसबिरीपाशी ठेवलंय. आपली रुमेना स्कोप्येला तिच्या औषधांच्या दुकानात असते, महिन्यातून एकदा येते आणि माझ्या गोळ्या तपासते. क्लिमेला जाऊन येत्या शरदात दोन वर्षं होतील. तुम्ही पाठवलेली फुलं तेव्हा पोचली होती. ते कळवायचं राहून गेलं होतं, आज कळवते.

तुम्ही लिहिलंत, "लहानपणी या गावात मी नुसती राबले. भाऊ सांभाळला, अंगण झाडलं, मग फॅक्टरीत गेले. गाव कधी पाहिलंच नाही. आता पाच दिवस पाहुणीसारखं सावकाश पाहायचंय. तू पुस्तकं वाचतेस, तूच आखून दे." वाचते खरी. शाळा सातवीतच सुटली, पण पाहुणे खोलीत पुस्तकं विसरून जातात आणि शब्दकोश माझा स्वतःचा आहे. रात्री मी वाचायची, सकाळी क्लिमे ते होडीतल्या लोकांना तिखटमीठ लावून सांगायचा. एकदा त्यानं सांगितलं, ओह्रिदला वर्षाच्या प्रत्येक दिवसाचं एक चर्च आहे. एका बाईनं विचारलं, "आणि लीप वर्षात काय करता?" क्लिमे म्हणाला, "त्या दिवशी बायको घरातच प्रवचन देते."

तर ऐका. पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. विमानानं अंग आंबलेलं असतं. चिनाराखाली बसायचं, तीळ लावलेला गोल गेव्रेक पाव खायचा, आंबटगोड थंड बोझा प्यायचा, लोक बघायचे. ज्यांनी तुम्हाला ओळखलं नाही त्यांना ओळख द्यायची नाही. तुमच्यासाठी किनाऱ्यावरच्या हॉटेलात खोली सांगून ठेवते. आपल्याकडच्या पायऱ्या तुमच्या गुडघ्यांना झेपायच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संत सोफिया. सकाळीच, उन्हं तिरपी असताना. लहानपणी आम्ही पोरी तिथं नुसत्या लपायचो. भिंतींवरची चित्रं शेकडो वर्षं चुन्याखाली होती, वन्सं. चर्चची मशीद झाली, आत चित्रांतले देवदूत तसेच डोळे उघडे ठेवून उभे राहिले. मला ते फार आवडतं. कुणी चुना फासला म्हणून पुसले गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी किल्ला आणि तसबिरींचं संग्रहालय. वरच्या दरवाजापर्यंत टॅक्सीनं जाऊ. खालच्या गल्लीतून नको, तिथले दगड निसटलेत. चौथ्या दिवशी कानेओचं चर्च, कड्यावरचं, आणि दुपारी माझ्या मैत्रिणीकडे ग्योमलेझे. ते निखाऱ्याच्या झाकणाखाली थरावर थर भाजायला सकाळ जाते, म्हणून तिला आधी सांगावं लागतं. पाचव्या दिवशी संत नाउमचा मठ. होडीत बसवू नकोस असं तुम्ही लिहिलंत, म्हणून बसनं जाऊ. "त्या होडीवरचं नाव क्लिमेनं तेव्हाच खरवडून टाकलं असेल," असंही लिहिलंत. वाचलं.

बंदरावर कुणी मोती दाखवले तर घेऊ नका. इथले खरे मोती माशाच्या खवल्यांचा लेप देऊन करतात, ते कुठं मिळतात ते मी दाखवीन.

पत्राच्या तळाशी तुमची एक ओळ आहे, "एक कागदाचंही काम आहे, ते समोरासमोर बोलू." बोलू. नोटरीचं ऑफिस बुधवारी दुपारनंतर बंद असतं, एवढं सांगून ठेवते.

तुमची भावजय,
डेस्पिना


ओह्रिद, २५ मे

रुमे, पोरी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहिते. काल मी फोन आपटला, तो तुझ्यावर रागावून नाही. थोडा तुझ्यावरच. पण आधी सगळं ऐक.

आत्याचं उत्तर आलं. अर्धं पान. "डेस्पिना, तुझ्या पाच दिवसांत सगळं गाव आहे, फक्त माझं घर नाही." पुढे फ्लाइटची वेळ आणि सही. बाकी काही नाही.

बरोबर ओळखलं तिनं. निसटलेले दगड बिगड काही नाहीत. त्या गल्लीत आपलं घर आहे, म्हणून मी तिला टॅक्सीनं वरून फिरवून नेणार होते. मी त्या कागदावर गावभर हिंडले आणि आपल्या दारावरून एकदाही गेले नाही. लिहिताना मला वाटलं मी तिच्या गुडघ्यांची काळजी करतेय.

तू तेव्हा बारा वर्षांची होतीस, तुला खोलीत पाठवलं होतं. आजोबा गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं. उकडलेला गहू वाटून झाला. तुझ्या बाबांच्या काकांनी ताटं बाजूला सारली आणि आत्यापुढे कागद ठेवला. आपल्याकडे बहीण भावासाठी हिस्सा सोडते, तिला कुणी विचारत नाही, पेन देतात. आत्या म्हणाली, "मागितलं असतंत तर दिलं असतं. पुढे काय सरकवताय?" कागद तसाच ठेवून ती उठली. तुझे बाबा म्हणाले, "जातेस तर जा." ती गेली. अठरा वर्षं दोघांनी एकमेकांचा आवाज ऐकला नाही. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. तिचा अर्धा हिस्सा आहे, आणि तो कायद्यानं आहे, कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

म्हणजे ती जूनमध्ये आल्यावर म्हणाली, "माझं दे," तर मला घर विकावं लागेल. वरची खोली, जी मी पाहुण्यांना देते, जिच्या खिडकीत पूर्ण तळं मावतं, ती तिची खोली होती. मी उन्हाळाभर खाली स्वयंपाकघरात झोपते आणि त्या खोलीवर माझं वर्ष निघतं. हे तुला माहीत आहे. बाकी गावाला माहीत असण्याचं कारण नाही.

पण समोरची त्स्वेता. आपले वरचे मजले गल्लीवर इतके झुकलेत की ती खिडकीतून माझ्या कपात साखर टाकेल. काल ओरडून विचारते, "डेस्पिने, नणंद येतेय म्हणे? फिरायला?"

"फिरायला."

"अगं, फिरायला लोक पॅरिसला जातात. ही घर मोजायला येतेय, घर!"

मी म्हटलं, "मोजू दे. तुझी खिडकी मोजणीत येत नाही ना, तेवढं बघ." आणि खिडकी लावली.

आता तुझं. तू म्हणालीस, "आई, तिला होडीचा फोटो पाठव. एक फोटो! ती रडेल आणि सही करेल."

रडेल, मला ठाऊक आहे. तुझ्या बाबांनी होडी घेतली तेव्हा तिला बहिणीचं नाव दिलं, आणि भांडण झालं तरी पुसलं नाही. दर वसंतात होडी किनाऱ्यावर उलटी घालायची, खरवडायची, रंग द्यायचा, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून बारीक ब्रशनं "कालिओपा". बंदरावरचे टोमणे मारायचे, "क्लिमे, बहिणीशी बोलत नाहीस आणि पोट मात्र तिच्याच जिवावर भरतोस!" बाबा म्हणायचे, "तोंड बंद कर आणि दोर धर." मी एकदाच विचारलं, लिहून का कळवत नाहीस तिला? म्हणाला, "दरवर्षी लिहितोच की." त्यावर मी पुन्हा कधी विचारलं नाही.

आता होडी मित्रे चालवतो. त्याला देताना मी एकच अट घातली, नाव राहील आणि ते मी रंगवीन. या एप्रिलमध्येही रंगवलं. पहिल्या अक्षराची रेघ किंचित वाकली. मित्रे म्हणाला, "काकू, क्लिमेचीही वाकायची." एवढं ऐकून मी घरी आले. त्या दिवशी काही वाचलं नाही.

म्हणून सांगते, तो फोटो जायचा नाही. तुझ्या बाबांनी ते नाव कुणाची सही मिळावी म्हणून रंगवलं नव्हतं. मी आज ते तिच्यापुढे धरलं तर त्या काकांच्या कागदात आणि माझ्या फोटोत फरक काय राहिला? तेही पुढे सरकवणंच झालं. अर्धं घर गेलं तर जाईल. मी भाड्याच्या खोलीत राहीन, तुझ्याकडे राहीन, तुझा तो मांजरांचा शेजारीही सोसेन. पण तुझ्या बाबांचं प्रेम मी विकायला काढणार नाही.

तू आत्याला काहीही कळवू नकोस. शपथ घालत नाही, सांगते.

तुझी आई


ओह्रिद, ३ जून

प्रिय कालिओपा वन्सं,

तुम्ही बरोबर लिहिलंत. माझ्या आखणीत घर नव्हतं. मी घाबरले होते, म्हणून नव्हतं. मला घाबरायची सवय नाही, त्यामुळे ओळखायला वेळ लागला. आता नवी आखणी पाठवते, जुनी फाडून टाका.

हॉटेलची खोली रद्द केली. त्या पाच दिवसांसाठी खोली मागितलेल्या पाहुण्यांनाही नाही म्हणून कळवलं. वरच्या खोलीत तुमचा पलंग खिडकीकडे सरकवलाय, पूर्वी होता तसा. पायऱ्या तेवढ्याच आहेत. गुडघे दुखले तर मधल्या वळणावर बसा, तिथं सासूबाई बसायच्या.

पहिला दिवस घराचा. सगळं उघडून बघा, कपाटं, माळा, छपराची डागडुजी. ती मी करवून घेतली आहे आणि चांगली झाली आहे, हे मी सांगणारच. समोरून त्स्वेता खिडकीतून डोकावेल. तिला तुम्ही जे उत्तर द्याल ते मी स्वयंपाकघरातून ऐकीन.

दुसऱ्या दिवशी संत सोफिया, पूर्वी लिहिलं तसं. ते देवदूत मी सोडणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नोटरी. वेळ मी घेतली आहे, तुमच्या नावानं. मी बरोबर येणार नाही. बाहेर बाजारात कॉफी पीत बसेन. जो कागद करायचा असेल तो करा. घर अर्धं तुमचं आहे. मी ते कुणाकडून ऐकून सांगत नाही, माझ्या तोंडानं सांगते, म्हणजे तुम्हाला ते तिथं सिद्ध करत बसावं लागणार नाही. बाहेर आल्यावर मी विचारणार नाही कशावर सही केलीत. आपण तिथूनच किल्ल्यावर जाऊ. खालच्या गल्लीनं, आपल्या दारावरून. दगड ठीक आहेत.

चौथ्या दिवशी कानेओ आणि ग्योमलेझे. चर्चमध्ये मेणबत्त्या लावू. वरच्या ताटात जिवंतांच्या, खाली वाळूत गेलेल्यांच्या. तुमच्या भावासाठी तुम्ही अजून एकही लावली नसेल असं मला वाटत नाही, पण इथली वाळू वेगळी.

पाचव्या दिवशी संत नाउम, आणि तिथं होडीनंच जायचं. तुम्ही नको म्हणालात, तरी एवढं एक माझं ऐका. क्लिमेचीच होडी आहे, चालवणारा माणूस चांगला आहे, तळं जूनमध्ये सकाळी शांत असतं. आधीचे चार दिवस मी तुम्हाला बंदराच्या त्या टोकाला नेणार नाही. का, ते विचारू नका. कागदाचं काम होईपर्यंत नाहीच. ते झाल्यावर, काहीही झालेलं असो, पाचव्या दिवशी सकाळी आपण तिथं जाऊ आणि तुम्ही आधी होडीकडे बघा, मग बसा.

मठात संताच्या थडग्याला कान लावला की ठोके ऐकू येतात. क्लिमे म्हणायचा, ते आपल्याच काळजाचे असतात. मी पुस्तकात शोधलं, कुठं काही लिहिलेलं नाही. तुमचा डावा कान गेलाय असं लिहिलंत, तर उजवा लावा.

विमानतळावर रुमेना येईल. ती फार बोलते, पण होडीच्या बाबतीत गप्प राहील. तिला मी वाढवलंय. ती तुम्हाला गल्लीच्या तोंडाशी सोडून गाडी लावायला जाईल. मी दारात उभी राहणार नाही. किल्ली तुमचे वडील ठेवायचे तिथंच आहे, आम्ही ती जागा कधी बदलली नाही. आपल्या घरात माणूस स्वतःच्या हातानं शिरतं.

आत आलात की हाक मारा. कॉफी चुलीवर असेल.

तुमच्या घरातून,
डेस्पिना