हात लावून मगच

प्रिय भिंगरी,

फोनवर तू बजावलंस की विमानाबद्दल जे जे माहीत आहे ते सगळं लिहून पाठव, पण फक्त विमानाबद्दल. आठ महिन्यांत तू माझ्याकडे काही मागितलंस ते एवढंच, म्हणून जेवणाचं टेबल पुसून लगेच लिहायला बसले. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचतायत. येत्या रविवारी तू येणार आणि आपलं चार खुर्च्यांचं जुनं विमान स्वतः चालवत तुझ्याकडे घेऊन जाणार. कागदोपत्री ते तुझं झालंच आहे. पण निघण्यापूर्वी बाबांना डावीकडच्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसवून एक चक्कर मारायला लावणार, असंही तू म्हणालीस, "म्हणजे तुझीही खात्री पटेल, आई." त्या वाक्यापाशी मला यायचं आहे, पण आधी विमान. मला ते जसं कळत गेलं तसंच सांगते, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला सांगता येणार नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा हँगरमध्ये गेले तेव्हा बाबा पंखाखाली वाकून टाकीच्या तळातून एका पारदर्शक बाटलीत थोडं पेट्रोल काढत होते. मग त्यांनी बाटली उजेडाकडे धरली आणि इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आपण कुठल्या वेड्याशी लग्न केलं. काय बघता म्हणून विचारलं तर म्हणाले, पाणी. बंद टाकीत पाणी कुठून येईल, हे मला काही केल्या पटेना. तेव्हा त्यांनी समजावलं की टाकी अर्धी रिकामी ठेवली की उरलेल्या जागेत हवा असते, रात्री गारठ्याने तिच्यातला दमटपणा आतल्या पत्र्यावर धरतो आणि थेंब होऊन खाली जातो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं आणि इंजिनात सगळ्यात आधी तेच पोचतं. त्या सकाळी मी आणखी वीसएक प्रश्न विचारले असतील. तेव्हापासून मी त्यांचं चौकशीखातं झाले. "चौकशीखातं उघडलं वाटतं," असं म्हणायचे, पण उत्तर द्यायचा कंटाळा त्यांनी कधी केला नाही.

तर, विमान उभं करण्याआधी टाक्या भरून ठेव. रोज पहिल्या उड्डाणापूर्वी आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर, प्रत्येक टाकीतून थोडं काढून बघ. तळाशी मण्यासारखा थेंब फिरताना दिसला तर तो दिसेनासा होईपर्यंत पुन्हा काढ. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. बाटलीत सगळंच पाणी आलं तर थेंब वेगळा दिसतच नाही, सगळं कसं स्वच्छ दिसतं. म्हणून स्वच्छ आहे का ते बघायचं नाही, रंग बघायचा. आपल्या पेट्रोलला फिकट निळी झाक असते. ती दिसली तरच ते पेट्रोल.

दुसरं म्हणजे ते उभं ठेवू नकोस. उडून झिजत नाही इतकं विमान उभं राहून खराब होतं. पंधरा दिवसांतून एकदा तरी पाऊण तास वर नेलंच पाहिजे, म्हणजे ऑइल नीट तापतं आणि आत धरलेली ओल उडून जाते. जमिनीवर दहा मिनिटं इंजिन फिरवून बंद करणं हे तर नुसतं उभं ठेवण्याहून वाईट. माणसाला गदागदा हलवून जागं करायचं आणि पुन्हा झोप म्हणायचं, त्यातली गत. या आठ महिन्यांत विमान पडून राहिलेलं नाही, याची खात्री बाळग. फ्लाइंग क्लबातल्या शिक्षिकाबाई एक शनिवार आड ते वर नेतात. मी शेजारी बसून यादी वाचते. सगळ्या नोंदी लॉगबुकात आहेत, तू बघशीलच.

मग किडामुंगी आणि पाखरं. आपल्याला जिथं फट दिसतही नाही तिथं त्यांना घर दिसतं. इंजिनाच्या झाकणात एकदा चिमणीने काड्या भरल्या होत्या, तेही दुपारी आम्ही जेवायला गेलो तेवढ्या वेळात. पंखाखाली वाऱ्याचा वेग मोजणारी एक बारीक नळी असते, तिच्यात कुंभारमाशी मातीचा बूच मारते. मग वर गेल्यावर वेगाचा काटा हलतच नाही. म्हणून नळीवर टोपी घालायची, टोपीला लांब लाल फीत लावायची आणि उडण्याआधी ती आठवणीने काढायची. ती फीत माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या वेणीची आहे. सिस्टरांनी पाहिली असती तर म्हणाल्या असत्या, शेवटी हिच्या रिबिनीचा काहीतरी उपयोग झाला. पंख्याच्या पात्यांच्या टप्प्यात मात्र कधी उभी राहू नकोस, किल्ली खिशात असली तरीही. बाबा म्हणायचे, पंखा बंद आहे असं आपण समजतो, पंखा तसं समजत नाही.

वजनाच्या बाबतीत कुणाच्याही शब्दावर जाऊ नकोस. आत्या पहिल्यांदा बसायला आली तेव्हा बाबांनी वजन विचारलं. तिने मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबांनी गाडीतून न्हाणीघरातला वजनकाटा काढून तिच्यासमोर ठेवला. तो काटा त्यांनी घरून मुद्दाम आणला होता. काटा बघून बाबा म्हणाले, "ताई, तू सांगितलंस ते लग्नातलं." आत्या दोन वर्षं आपल्याकडे जेवली नाही. पण त्या दिवशी हवा तापलेली होती, रनवे आखूड होता, आणि मागच्या दोन पिशव्या खाली उतरवाव्या लागल्या त्या लागल्याच. नातं पुन्हा जोडता येतं ग. मलाही हल्ली त्याच विचाराने बरं वाटतं.

मिस्त्रीकाकांना सोडू नकोस. तुझ्याकडे नवीन माणूस मिळेल, चांगलाही असेल, पण वर्षातून एकदा तरी विमान इकडे आणून त्यांच्या हाताखालून जाऊ दे. ते इंजिनाला कान लावतात तेव्हा शेजारी गप्प उभी राहा. मग विचार. एकदम सगळं विचारू नकोस, एका वेळी एकच प्रश्न, आणि चहा संपत आल्यावर. माझं अर्धं ज्ञान त्यांच्या चहाच्या तळाशी सापडलेलं आहे.

आता यादी. ही मी तुला विमानाबरोबर देणार आहे, तिच्यावर पुठ्ठा नवीन घातलाय. एकतीस वर्षं आम्ही ती एकाच रीतीने वापरली, तू लहानपणी मागच्या खुर्चीतून ऐकलेलीच आहेस. उजवीकडे बसून मी एक ओळ वाचायची. बाबांनी ती गोष्ट करायची, तिला हात लावायचा, आणि मगच "झालं" म्हणायचं. हात लावल्याशिवाय झालं नाही, हा त्यांचा नियम होता. सुरुवातीला ते स्वतःच मनात वाचून स्वतःच उरकायचे. मी विचारलं, की एकच माणूस विचारणारा आणि तोच उत्तर देणारा असेल, तर त्याची चूक धरणार कोण? त्यांनी यादी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, तू. शाळेत सिस्टर मला टेबलावर उभं करून वाचायला लावायच्या. शब्दाचं शेपूट गिळायचं नाही, ओळीच्या शेवटी थांबायचं, ऐकणाऱ्याला वेळ द्यायचा. ते सगळं वळण मला बक्षिसाच्या एका पेल्याशिवाय कुठंच उपयोगी पडलं नव्हतं. ते या विमानात उपयोगी पडलं. इंजिन सुरू व्हायच्या आधीच्या त्या शांततेत माझा आवाज आणि त्यांचं "झालं", यापेक्षा संसारातलं दुसरं काही मला जास्त आवडलं असेल असं वाटत नाही.

आणि आता, भिंगरी, "फक्त विमानाबद्दल" हे तुझं म्हणणं मी मोडते आहे. खरं तर मोडत नाही, कारण हे विमानातच झालं. गेल्या वर्षीच्या शेवटी मला वाटायला लागलं की "झालं" जरा लवकर येतंय. मी ओळ संपवायच्या आत यायचं. एकदा मी इंजिनाकडे पेट्रोल सोडणाऱ्या कॉकची ओळ वाचली, त्यांनी झालं म्हटलं, आणि त्यांचा हात गुडघ्यावरच होता. मी पुन्हा वाचली. "एकदा सांगितलं ना," म्हणून चिडले. ते कधी चिडायचे नाहीत, तुला माहीत आहे. पंधरा दिवस मी ते मनात घोळवत राहिले. उत्तरं सगळी बरोबर होती. एकही थेंब वेगळा दिसत नव्हता. मग मला ती बाटली आठवली.

पुढच्या खेपेला मी यादीत नसलेली एक ओळ वाचली. एकतीस वर्षांत मी एकही ओळ खोटी वाचली नव्हती. त्याच आवाजात, शेवटी थांबून वाचलं: "चाकं पोटात घेण्याचा खटका, खाली." आपल्या विमानाची चाकं जागची हलत नाहीत, ती पोटात जातच नाहीत, असा खटका आपल्या विमानाला कधीच नव्हता. हे तू सहा वर्षांची असताना मला सांगितलं होतंस. बाबा म्हणाले, "झालं."

मी विचारलं, कुठं आहे तो? आणि त्यांचा हात शोधायला गेला, ग. डावीकडून उजवीकडे, सगळ्या बटणांवरून, खाली, खुर्चीच्या कडेला. हात परत आला तेव्हा त्यांना कळलं होतं. मला वाटलं होतं की ते हसतील, चौकशीखात्याने फसवलं म्हणतील. त्यांनी किल्ली काढली, माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पोरीला सांगू नकोस. सांग की तू घाबरतेस आता." मी बरं म्हटलं. ती माझी चूक. त्या क्षणी ते जे काही मागतील ते मी दिलं असतं, आणि त्यांनी एवढंच मागितलं. पुढे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आजाराचं नाव कळलं. ते मी इथे लिहीत नाही, भेटलीस की सांगेन. आणि तू फोनवर म्हणालीस की आपल्या भीतीपायी मी बाबांचं विमान काढून घेतलं. मी ऐकून घेतलं, कारण शब्द दिला होता. एक शनिवार आड ही भित्री बाई वर जाते, हे वाचताना तुझ्या लक्षात आलंच असेल.

आज शब्द मोडते आहे, कारण रविवारी तू त्यांना डावीकडे बसवणार, आणि तू सांगितलंस म्हणून ते बसतील. ते होऊ देऊ नकोस. पण त्यांना मागेही बसवू नकोस. मला काय हवंय ते सांगते, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. आज सकाळी नवीन पुठ्ठ्याची यादी मी त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. आणि भांडी घासायला वळले. ते हल्ली नाश्ता केला की नाही हे विसरतात, पण समोर छापलेलं असलं की त्यांची जीभ कुठं अडखळत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शब्दाचं शेपूट न गिळता, ओळीच्या शेवटी थांबत, अगदी माझ्यासारखं. एकतीस वर्षं ऐकलंय त्यांनी. तू नवीन आहेस, तुला यादी वाचणारं माणूस लागेलच, हे काही खोटं नाही. तेव्हा तेवढंच सांग त्यांना, आणि उजवीकडची माझी खुर्ची त्यांना दे. त्या बाजूचा विमान चालवायचा दांडा मिस्त्रीकाका शनिवारी काढून ठेवतील, म्हणजे चुकून हात लागायची धास्ती नको. मी विचारलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं नाही. बाबांनी विचारलं तर सांगेन की मीच काढायला लावला. भित्री म्हणून माझं नाव झालेलंच आहे. मी मागे बसेन, खरं वजन सांगून. तू एवढंच कर, की घाई करू नकोस आणि उगाच उत्तर देऊ नकोस. मी सकाळी दिलं होतं. पेट्रोलच्या कॉकची ओळ वाचून ते थांबले, आणि मी पाठमोरीच, हात साबणात, म्हटलं, झालं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात लावून सांग."

मागच्या खुर्चीतून,
तुझीच,
आई