उशाशी बसवलेलं बटण

खानवेल, सिल्व्हासा
१४ मार्च १९९१

चि. स्नेहल,
अनेक आशीर्वाद. बाळाला ताप आहे, तो दातांचाच, असं शेजारीण म्हणते म्हणून गप्प बसू नकोस. डॉक्टरला दाखव.

इथे पंप बसला एकदाचा. ओहोळ खाली, घर वर. मधला उतार तुला ठाऊक आहे. काळा पाइप झाडांच्या बुंध्यांना तारेने बांधत वर आणला. पहिल्याच दिवशी खालचा सांधा निसटला आणि वायरमन लखन डोक्यापासून पायापर्यंत भिजला. साक्रीकडचा आहे, तोंडाचा फटकळ. बटण कुठे बसवायचं यावरून आमचं वाजलं. मी म्हटलं, पलंगाच्या डाव्या बाजूला.

"बाई, बटन मोटरपाशी ठेवतात. मोटर काय सायेबाच्या उशाला झोपनार हाय?"

"तू वायर ओढ. अक्कल मी पुरवते."

बिचाऱ्याने उतारभर सागाचे खांब पुरून वायर घरात आणली.

पत्राखाली बाबांच्या दोन ओळी का नसतात, असं तू पुन्हा विचारलं आहेस. दिवाळीत त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली. तुझे दिवस भरत आले होते, म्हणून कळवलं नाही. रागाव, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

मी पाण्याला खाली गेले की ते एकटे पडत, म्हणून पंप. घरातलं एक तरी काम त्यांच्या हाती असावं, म्हणून बटण डाव्या बाजूला.

आता टाकी भरलेली असली तरी ते बटण दाबतात. मी खाली भाजीच्या वाफ्यात असते. मोटर सुरू झाली की चिखलाच्या पायांनी वर धावते आणि ओरडते, "अहो, पाणी उतू चाललंय!" ते माझ्याकडे बघतात आणि बटण स्वतःच बंद करतात.

पाणी त्यांना नकोच असतं, हे मला फार उशिरा कळलं.

लखन म्हणतो, ओहोळ आटला की मोटर कोरडी फिरून जळेल, बटण तिथून काढा. मी त्याला उद्या ये म्हणते. तो आला की चहा पाजून परत पाठवते.

थकले आहे मी. हे पुन्हा लिहिणार नाही.

ओहोळाला वैशाखापर्यंत पाणी राहील. त्याआधी बाळाला घेऊन ये. थोडे दिवस मोटर वाजली की तू धाव, मी वाफ्यात बसून राहीन.

तुझी
आई

खालची वाकडी रेघ बाबांची. डाव्या हाताने ओढली आहे. पुसू दिली नाही.