जरा ॲडजस्ट कर

४ जून

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. नणंद कामावर परत जाणार, म्हणून तू नोकरी सोडून तिचं बाळ सांभाळायचं, हे वाचून बाबांना वाईट वाटलं. तुला राग येणारच. पण मूल घरचंच आहे. जावई काही बोलत नाहीत म्हणतेस. तेही दोन्हीकडून कात्रीत सापडले असतील. दिराला खोली देऊन तुम्ही दोघं बाहेर झोपायला लागलात, तसंच हेही जरा ॲडजस्ट कर. संसारात कुणाला तरी करावंच लागतं.

बाबांचा नवा चष्मा सारखा घसरतो. दुकानदार ॲडजस्ट करून देतो म्हणाला, तर यांचं म्हणणं, राहू दे, आता नाकाला सवय झाली. धन्य आहे.

माझ्यावर रुसू नकोस. माया आहे ती राहू दे.

तुझी आई

१३ जून

ती. आईस,
सा. न. वि. वि.

रुसले नाही. पण हा शब्द मी दिवसभर कामावर ऐकते आणि घरी आल्यावरही ऐकते. आम्ही कृत्रिम पाय बसवतो. तिथे ॲडजस्ट करायचं म्हणजे स्क्रू फिरवायचा, उंची बघायची, टोचत असेल तिथे घासायचं. बदलतो तो पाय. घरी मात्र दर वेळी मीच बदलायचं.

गेल्या वर्षी एका बसचालकाला पाय बसवला होता. तपासणीला आला की आम्ही चालता येतं का विचारायचो आणि तो झकास चालून दाखवायचा. परवा बायकोने त्याला अक्षरशः धरून आणलं. पाय काढला, तर आत जखम चिघळलेली. बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाला, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, वाटलं होईल सवय, ॲडजस्ट करत होतो. आता डॉक्टर आणखी वरून कापणार आहेत.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाजी बिघडली का, असं सासूबाईंनी विचारलं. आई, मी नोकरी सोडणार नाही. आज जेवताना सगळ्यांसमोर सांगणार आहे. पुढे काय होईल ते होईल.

बाबांना नमस्कार. तुमची माया पाठीशी असू द्या.

तुझी ठमी

१९ जून

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवत होते, अर्ध्यावर मीच कागद खाली ठेवला. लग्नाआधी मी शिवणाच्या वर्गात शिकवायचे, हे तुला ठाऊकही नसेल. ते सुटलं तेव्हा कुणी बळजबरी केली नव्हती. सगळ्यांनी गोडीगुलाबीनेच सांगितलं होतं.

बाबांनी विचारलं, तेव्हा वाईट वाटलं होतं का. इतक्या वर्षांनी. मी हो म्हटलं. ते उठून बाहेर गेले, बराच वेळ आले नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, की पोरीला लिही, नोकरी सोडू नकोस म्हणावं, जावयांशी मी बोलतो.

मागच्या पत्रातलं माझं म्हणणं मी मागे घेते. जेवत जा.

तुझी आई

२५ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, माफ कर. त्या दिवशी जेवताना सांगितलं, तेव्हापासून सासूबाई जेवढ्यास तेवढंच बोलतात. बाबांचा फोन आल्यावर तुझा जावई दोन दिवस धुसफुसत होता. मग स्वतःच कामावरची पाळी बदलून घेतली. सकाळी बाळ त्याच्याकडे असतं, दुपारी सासूबाईंकडे. पहिल्याच दिवशी बाळाने त्याच्या शर्टावर दूध ओकलं आणि स्वारी तशीच कामावर गेली. दिराच्या खोलीचा विषय काल मी काढला. भांडण झालं, पण विषय निघाला.

आज तो बसचालक नव्या पायावर उभा राहिला. चालायला सांगण्याआधी मी विचारलं, कुठे टोचतंय का. त्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग बोटाने जागा दाखवली. मी त्याला खाली बसवलं, पाय काढून घेतला आणि कानस हातात घेतली.

बाबांना सांग. दोघांचा आशीर्वाद हवाच आहे.

तुझी ठमी