चेहरे वाचणारा माणूस

सोमवार, ३ जून
भावना समजून घेण्याचं ट्रेनिंग झालं. सर्टिफिकेट मिळालं. गुण मुळातच अंगात, आता कागदावर आले एवढंच.

साहेब म्हणाले, प्रूफवाल्या बाईंना सांभाळ. औषधांची माहितीपत्रकं छपाईआधी त्या तपासतात. डोसमधला चुकलेला शून्य त्यांच्या नजरेतून सुटत नाही. त्यांना ऑटिझम आहे. रुजू होतानाच सांगितलं होतं, शांत कोपरा हवा, ऐनवेळी बदल नको. त्या गेल्या तर तुझं कठीण आहे, असंही साहेब म्हणाले. गंमत करत असावेत.

मंगळवार, ४ जून
कोपऱ्यात एकट्या बसतात बिचाऱ्या! त्या यायच्या आत टेबल उचलून कॉफी मशीनपाशी आणलं. माणसांत. सरप्राइज!

बाई म्हणाल्या, इथे मला काम करता येत नाही, टेबल परत ठेवा. चेहरा मात्र कोरा. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, शब्दांवर जाऊ नका, चेहरा वाचा. वाचला. निव्वळ संकोच.

बुधवार, ५ जून
दुपारी अख्ख्या स्टाफने बाईंसाठी टाळ्या वाजवल्या. कल्पना माझी. कान दाबून जिन्यात जाऊन बसल्या. भरून आलं असणार.

परत येऊन म्हणाल्या, टेबल हलवलं नाही तर शुक्रवारी नोकरी सोडते. बघा, थट्टामस्करी करू लागल्या! नातं जुळतंय.

गुरुवार, ६ जून, दुपारी
जरा धाकधूक. लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक उद्या छापायचंय आणि बाईंचं पहिलंच पान संपेना. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतायत. टेबल हलवावं का? छे! हत्ती गेला, शेपूट राहिलं; आता माघार घेतली तर केलेल्यावर पाणी.

खुर्ची ओढून शेजारी बसलो. म्हणालो, मन मोकळं करा. त्या म्हणाल्या, केलंय. टेबल. आणि उद्या शेवटचा दिवस.

मी हसून मान डोलावली. साहेबांना कळवलं, बाई खुलल्या.

शुक्रवार, ७ जून
बाई गेल्या. ओळखपत्र, कपाटाची किल्ली आणि राजीनामा टेबलावर. पत्रक अर्धंच तपासलेलं. छपाई थांबवली.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून विचारलं, बाईंनी आधी काही सुचवलं होतं का? मी छातीठोक सांगितलं, आडून आडूनसुद्धा नाही.

बाहेर आलो आणि बाईंच्या रिकाम्या टेबलापाशी थांबलो. आडून कशाला बोलतील? रोज तोंडावर सांगत होत्या.