आईच्या मसाल्याची बरणी

१ जानेवारी २०२५
नवीन वर्षाचं मटण केलं. आईला जाऊन चार महिने झाले, त्यानंतरचं पहिलंच. बरणीतला मसाला तिने मागच्या उन्हाळ्यात स्वतः भाजून केलेला. तो संपला की आईची चव संपली! म्हणून दोनच चमचे घेतले.

कुकर नाही. आजोबांचं महूच्या पलटणीतलं पितळी पातेलं, मंद आच, वर ताट, ताटात पाणी. रस्सा आटला की तेच गरम पाणी घालायचं. थंड पाणी घातलं तर मटण रुसतं, आई म्हणायची. दोन तास लागले.

बाबा पहिला घास घेऊन म्हणाले, "अगदी प्रभाच्या हातचं." मी ओट्याशी जाऊन रडले. बाबांनी पाहिलं वाटतं. बरणीत जेमतेम चार चमचे उरलेत.

९ फेब्रुवारी
बाबांचा वाढदिवस. पुन्हा मटण. दोन चमचे घेतले, तरी बरणीत चांगला चार बोटं मसाला! तेव्हा मी नीट पाहिलंच नव्हतं बहुतेक. बाबा म्हणाले, "तुझ्या आईची बरकत आहे त्यात, पंचू." हसत होते. किती दिवसांनी!

चव तीच. फक्त दगडफूल जरा पुढे येतं. मसाला जुना झाला की होत असेल तसं. बाबांना बोलले, तर त्यांचा चेहरा एवढासा झाला. उगाच बोलले.

१२ मार्च
बाबा दुपारभर गायब! मोबाईल घरीच. बायपास झालेला माणूस, आणि बाहेर हे ऊन! ऑफिसातून धावत आले, गल्लीन् गल्ली पालथी घातली. साडेपाचला आले – घामाघूम, हातात रिकामी पिशवी.

"कुठे होतात?"

"असाच. बडा गणपतीच्या देवळापर्यंत. पैदल."

माझं डोकंच फिरलं. "मरायचंय का तुम्हाला? सांगून टाका एकदाचं, मी वाट तरी बघणार नाही!"

बाबा पिशवीची घडी घालून आत गेले.

१३ मार्च
बोललो नाही. जेवताना एवढंच म्हणाले, "रंगपंचमीला मटण कर." मी नुसतं हूं केलं. ताटावरून मान वर केली नाही.

उद्या बोलेन.

१५ मार्च
बाबा गेले. काल सकाळी. चहा घेऊन गेले तर झोपलेलेच.

१७ मार्च
घर भरलंय. सगळे म्हणतात, किती शांतपणे गेले, भाग्यवान. मला फक्त माझंच वाक्य ऐकू येतं. कुणाला सांगू?

१९ मार्च
रंगपंचमी. बाहेर गेरच्या मिरवणुकीचा गलका. आमचं दार लोटलेलं. दुपारी बडा गणपतीचे चक्कीवाले गजाननभिया आले. अंगावर रंगाचा ठिपका नाही. हातात कागदाची पुडी.

"बाबूजी जानेवारीत आले न, तर म्हणाले, बेटी रोती है, वो मसाला खतम नहीं होना. सगळं आठवून आठवून सांगितलं – लवंग इतकी, धने इतके. और बेटी को मत बताना. मागच्या बुधवारी परत आले. लाइट गेली होती, दो घंटे बसून राहिले इथे चक्कीवर. शेवटी म्हणाले, पिसून ठेव, मी येतो. दगडफूल ज्यादा हो गया था, इस बार कम डाल."

म्हणजे त्या दिवशी बाबा तिथे होते. आणि मी काय बोलले त्यांना!

मटण आणलं नाही. गजाननभिया गेल्यावर पुडी सोडली. चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला.

या वेळी दगडफूल बरोबर आहे, बाबा.